आतोबांच्या गाडीचं नाक

मी बसलो आणि खालून ‘फस्स’ असा आवाज आला.

खुर्चीवर टॉवेल होता. टॉवेलावर बसू नये असा नियम निदान आमच्या शाळेत तरी कुणी शिकवला नव्हता. पण त्या टॉवेलाखाली आतोबांच्या गाडीचं नाक वाळत होतं. कागदाचं, मोठ्या वाटीएवढं, वरून गोल, समोरून गोल आणि दोन्ही बाजूंनीही गोल. म्हणजे मी बसेपर्यंत गोल.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते समोरच टेबलाशी बसून पुठ्ठ्याची चाकं कापत होते. त्यांनी मान वर केली, आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खाली पाहिलं. मी खांदे आक्रसून बोलणी खायच्या तयारीत राहिलो. ते एवढंच म्हणाले, “ऊठ. पण सरळ ऊठ. सरकू नकोस.”

मी सरळ उठलो. टॉवेल उचलला. नाकाची चकती झाली होती.

“काय फुटलं रे?” स्वयंपाकघरातून आत्या.

“काही नाही आत्या, बसलो.”

“मग ठीक आहे. तू बसलास की एवढा आवाज होतोच.”

आतोबांनी ती चकती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि माझ्यासमोर धरली. “आज शुक्रवार,” ते म्हणाले. “मास्तर रविवारी जाणार.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसावर निदान रुसता तरी येतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, बसमधले. आतोबांनी आख्खी नोकरी एकाच मार्गावर बस चालवून काढली, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांच्या मागे हेच कंडक्टर उभे. आतोबा त्यांना ‘मास्तर’ म्हणत, ते आतोबांना ‘पायलट’. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत आणि त्या अहो-जाहोतच कडाकडा भांडत. त्यांची गाडी जुन्या धाटणीची होती, पुढे नाक आलेली. रोज सकाळी मास्तर डेपोत आले की त्या नाकावर आधी एक हलकी थाप मारत, मग गाडीत चढत. थाप राहिली असं आठवलं, तर पायरीवरून उतरून परत पुढे जात. उतारू कुरकुर करत. मास्तर म्हणत, “जिच्या जिवावर जायचं, तिला विचारायला नको?”

गाडी पुढे भंगारात गेली. मास्तरांची नजरही हळूहळू अधू होत गेली आणि आता त्यांना उजेड-अंधार तेवढा कळतो. त्यांची मुलगी त्यांना दुसऱ्या शहरात आपल्या घरी न्यायला आली होती. आतोबांच्या मनात होतं की जाताना मास्तरांच्या हातात त्यांची गाडी द्यायची. बघायला नव्हे, चाचपायला. म्हणून तर त्या नाकाचा एवढा अट्टहास. रंगरंगोटी करून डोळ्याला फसवता येतं, बोटांना नाही.

बाकीची गाडी सोपी होती. बस म्हणजे शेवटी चाकांवरचा खोकाच. हातभर लांबीचा तो खोका आतोबांनी खिडक्या-दारांसकट झटपट उभा केला होता. घोडं अडलं ते नाकापाशी.

कागदाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर समोरचा एखादा कागद घ्या आणि नळीसारखा वाकवा. वाकतो. आता ती नळी न उलगडता तिला आडवीही वाकवा. लगेच चुरगळते, घडी पडते, कोपरे तोंड फिरवतात. कागद एका वेळी एकाच बाजूला वाकतो, दोन्हीकडून वाक म्हटलं की रुसतो. आमच्या घरात दोन्हीकडे एकदम वाकणारा मी एकटाच. आत्या म्हणाली की तिकडे, आतोबा म्हणाले की इकडे. तरी अजून सुरकुती नाही.

कागदकामातली माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. आमच्या शाळेत हस्तकलेचे सर आणि कवायतीचे सर एकच होते. त्यामुळे आमचे कागदी डबेसुद्धा सावधान स्थितीत उभे असायचे, वाकणं त्यांना माहीतच नव्हतं. माझा डबा मात्र पहिल्या दिवसापासून विश्राम.

आणि आतोबा तरी कुठले कारागीर? त्यांची बोटं स्टिअरिंगसाठी घडलेली. कात्री त्यांच्या हातात कानातल्या डुलासारखी दिसते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातून बस गेलेली नाही. खुर्चीतून उठताना डावा हात आधी काहीतरी हलवून बघतो, बहुधा गिअर. गरम भांडं घेऊन आत्या मागे सरकत असली की हे ओरडतात, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बस्स!” आत्याही कमी नाही. जेवायला बोलवायचं तर ती हाक मारत नाही, ताटावर चमच्याने दोनदा वाजवते. डबल बेल. आतोबा निघतात. एकदाच वाजलं तर जिथे असतील तिथे थांबतात, कारण सिंगल बेल म्हणजे थांबा. त्यांच्या संसारात मी आजवर मोठं भांडण पाहिलेलं नाही, ते या घंटेमुळेच असावं.

तर मी बसायच्या आधी आतोबांनी अनेक नाकं करून टाकली होती. सगळी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेली. एक कांद्यासारखं टोकदार, एक चेपलेल्या बटाट्यासारखं, एक हुबेहूब आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कबाईंसारखं. शेवटी एक जमलं. तेच टॉवेलाखाली होतं.

“आतोबा, दुसरं करू या,” मी म्हणालो. “जसं ते केलं होतं, तसंच.”

“कसं केलं होतं?”

“म्हणजे? तुम्हीच केलंत ना?”

“केलं. पण कसं जमलं ते कुठं आठवतंय?” चकतीकडे बघत ते म्हणाले. “चमच्याने घासत होतो. मधेच तुझ्या आत्याने काहीतरी विचारलं. तिला उत्तर देऊन खाली बघतो, तर नाक तयार.”

“काय विचारलं होतं?”

“तेही आठवत नाही.”

“‘बाहेरून येताना काय आणायचं होतं आणि काय आणलंत,’ असं विचारलं होतं,” आत्या दारातून म्हणाली. “परत विचारू? येईल नाक?”

अशा वेळी शिकल्यासवरल्या माणसाने पुढे यायचं असतं. मी पुढे आलो. भूमितीत मला चांगले मार्क होते, हे मी घरात अधूनमधून आठवण करून देत असतो. मी जाहीर केलं की हा घासाघाशीचा प्रश्नच नाही, गणिताचा आहे. संत्र्याची साल जशी फाकांवर बसते, तशा पाकळ्या कापायच्या आणि कडेला कड चिकटवायची. आकृती कॉम्प्युटर काढून देईल.

आमचं ऑफिस नळजोडण्यांचं आहे. तिथे दिवसभर मी कुणाच्या नळाला पाणी का येत नाही याची उत्तरं टाइप करतो. त्याच खुर्चीत बसून, शनिवारच्या अर्ध्या दिवसात, मी गाडीच्या नाकाच्या पाकळ्या काढल्या आणि जाड कार्डावर छापल्या. मशीन दोनदा अडलं. शिपाई म्हणाला, “साहेब, हे कुठल्या नळाचं?” मी म्हणालो, “नव्या धाटणीचा नळ आहे.” त्याने मान डोलावली. आमच्या ऑफिसात नव्या धाटणीचं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

दुपारी घरी येऊन पाकळ्या जोडल्या. खरं सांगतो, सुंदर दिसत होतं. मी ते हातावर घेऊन खोलीभर फिरलो. आत्यासुद्धा “अगो बाई” म्हणाली.

आतोबांनी डोळे मिटले आणि नाकावरून बोट फिरवलं. टक. टक. टक. प्रत्येक सांध्यावर बोट उडत होतं.

“गतिरोधक,” ते म्हणाले. “हे नाक नाही बाळा, शाळेपुढचा रस्ता आहे.”

मी डोळे मिटून बोट फिरवलं. खरंच, उतारूंचे हाल झाले असते. पॉलिशपेपरने सांधे घासून बघितले, तर कार्डाची लव उठली आणि नाकाला दाढी आली. पाकळ्यांची संख्या दुप्पट केली असती तर गतिरोधकही दुप्पट झाले असते, हेही गणितच. ते नाक कट्ट्यावर हेडक्लार्कबाईंच्या शेजारी गेलं.

म्हणजे परत चमचा. आतोबा घडी केलेल्या टॉवेलावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचे. पण टॉवेल मऊ असला तरी खरबरीत, त्याची वीण कागदावर उठायची. खाली काहीतरी मऊ, गुळगुळीत आणि दाबलं की दबून परत वर येणारं हवं होतं. तेव्हा मला हेडक्लार्कबाईंचा माउसपॅड आठवला. निळा, जाडजूड, त्यावर मांजरीच्या पिल्लाचं चित्र. बाई सोमवारपर्यंत रजेवर होत्या. मी परत ऑफिसात गेलो, चष्मा विसरलो असं शिपायाला सांगितलं आणि पिल्लू शर्टाखाली घालून बाहेर पडलो. मी चष्मा लावत नाही, हे त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

पॅड उलटा करून, रबराची बाजू वर घेऊन आतोबांनी त्यावर कागद ठेवला. मधोमध चमच्याची पाठ टेकवली आणि गोल-गोल, आतून बाहेर, हलक्या हाताने फिरवू लागले. कागद खाली दबायला लागला. मी श्वास रोखला. कागद फाटला.

“कोरडा आहे,” मी म्हणालो.

पुढचा ओला केला. तो फाटला नाही, त्याचा लगदा झाला.

“इस्त्रीला कपडे घेताना पाणी शिंपडतो ना, तेवढा ओला करा,” आत्या म्हणाली. “पोतेरं नका करू.”

मग कागदाच्या मागच्या बाजूला बोटांनी पाणी शिंपडलं आणि जरा थांबलो. कागद गालाला लावला की गार लागावा, पण गाल ओला होऊ नये, इतपत. आता चमचा फिरला तसा कागद नाइलाजाने का होईना ताणायला लागला. मधला भाग खोलगट होत गेला, आणि तिथली सगळी नाराजी कडेला येऊन झालरीसारखी उभी राहिली. तिथे आतोबांनी बारीक चिरा दिल्या आणि त्यांचे काठ एकमेकांवर किंचित सरकवून चिकटवले. या चिरा बंपरच्या मागे दडणार होत्या, तिथवर बोटं सहसा जात नाहीत. आतल्या बाजूने पातळ कागदाचे तुकडे खळीत बुडवून लावले, म्हणजे नाक वाळल्यावर बसणार नाही. ‘बसणार’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं काम एकच, कागद फिरवत राहणं. आतोबा दर फेरीला “चल”, “थांब” म्हणत. थोड्या वेळाने त्यांनी बोलणंच सोडलं आणि डाव्या हाताने टेबलावर टकटक करू लागले. दोन, चल. एक, थांब. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्याच्या घंटेवर गाडी हाकली. आता घंटा त्यांची आणि गाडी मी. माझ्या मोबाइलवर काहीतरी आलं आणि दोनाऐवजी एकावरच मी कागद फिरवला. चमचा आरपार गेला.

“उतारू उतरत असताना गाडी सोडलीस,” आतोबा म्हणाले. त्यांच्या जगात याहून मोठी शिवी नाही. मी मोबाइल आत्याकडे जमा केला.

अंधार पडायच्या आत नाक झालं. आतोबांनी डोळे मिटून बोट फिरवलं, कपाळापासून दिव्यापर्यंत, परत दिव्यापासून कपाळापर्यंत. बोट कुठेही उडालं नाही. ते नुसते खुर्चीत मागे टेकले आणि हँडब्रेक नसलेल्या त्या खुर्चीला पायाने जरा मागे ढकललं.

“आता कसं जमलं ते लक्षात ठेवा,” आत्या म्हणाली.

“तू मधे बोललीस ना, म्हणून जमलं,” आतोबा म्हणाले.

नाकाला लाल रंग देऊन ते वाळायला ठेवलं कपाटावर. माझ्यासारख्याला ठरवूनही बसता येणार नाही, अशी घरातली ती एकमेव जागा.

रविवारी सकाळी ते खाली काढायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. मदत करायची हौस, दुसरं काय. स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी अलगद धरलं, आणि स्टूल जरा डगमगलं तेव्हा सरळ पडायचं सोडून मी धरून राहिलो. उजव्या बाजूला अंगठा आत गेला. आतून ढकलून वर काढला, पण कागद विसरत नाही. नखाएवढा पोचा राहिलाच.

“आतोबा,” मी चाचरत म्हणालो, “खऱ्या गाडीलाही एखादा पोचा असेलच की.”

“माझ्या गाडीला?” त्यांनी मान ताठ केली. “ओरखडा नव्हता. मास्तरांना विचार.”

आत्या खोकली. हा खोकला मी याआधीही ऐकलेला आहे. आतोबांच्या विनाअपघात नोकरीचा विषय निघाला की तिला येतो.

वेळ उरला नव्हता. नाक गाडीला चिकटवलं, गाडी खोक्यात ठेवली, खोकं आतोबांनी दोन्ही हातांत धरलं आणि आम्ही तिघं चालत मास्तरांकडे निघालो. वळण आलं की आतोबा थांबून मला सांगत, “हात दाखव.” रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर मी उजवीकडे, डावीकडे हात दाखवत चाललो होतो. एका सायकलवाल्याने खरंच ब्रेक मारला.

मास्तरांचं घर आवरून झालं होतं. भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन तेवढे उरलेले. दारात बांधलेलं सामान, आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध एकाच खुर्चीत मास्तर, अंगात इस्त्रीचा सदरा, पायात बूट.

“पायलट, उशीर,” आमची चाहूल लागताच ते म्हणाले.

“रस्त्यात गर्दी होती, मास्तर.”

“रविवारी? थापा मारू नका. काय आणलंय? खोकं घासल्याचा आवाज आला दाराला.”

आतोबांनी गाडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. काय आहे ते सांगितलं नाही. मास्तरांचे हात आधी टपावर गेले, मग खिडक्यांवरून सरकत मागच्या दारापाशी, पायरीपाशी. तिथे जरा थांबले. मग पुढे आले, आणि नाकावर टेकले.

त्यांची मुलगी सामानाची दोरी ओढत होती, तीही थांबली. मास्तरांनी आख्खा तळवा त्या गोलाईवर ठेवला. मग उचलला आणि एक थाप मारली. अगदी हलकी, कागदाला कळेल न कळेल अशी.

आतोबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांची बोटं अजून फिरत होती. उजवीकडे आली आणि अडली. मी माझा अंगठा मुठीत लपवला, जणू त्यांना तो दिसणार होता.

“हे काय?” मास्तर म्हणाले. “पोचा इथं नव्हता.”

“नव्हताच,” आतोबा घाईने म्हणाले. “माझ्या गाडीला पोचा—”

“डावीकडे होता. दिव्याच्या वर. डेपोच्या फाटकाला ठोकलीत तेव्हाचा.”

“मी ठोकली? धुताना क्लीनरनं केला होता तो!”

“क्लीनर त्या दिवशी आलाच नव्हता, पायलट. म्हणून तर मी उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होतो.”

“मग ‘बस्स’ का नाही म्हणालात?”

“म्हणालो होतो! तुम्ही ऐकलंत कधी?”

दोघंही मोठ्याने बोलत होते, आणि इतक्या वर्षांत मी आतोबांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. आत्याला खोकल्याची मोठी उबळ आली. मास्तरांनी डाव्या दिव्याच्या वर बोटाने जागा शोधली, दोनदा खात्री करून घेतली आणि आमच्या डोळ्यांदेखत अंगठा दाबला. कागद खचल्याचा बारीक आवाज आला. आतोबांच्या तोंडून “अहो, अहो!” निघालं, पण हात पुढे आला नाही.

“हां,” मास्तर त्या खळग्यात अंगठा तसाच ठेवून म्हणाले. “आता आमची गाडी झाली. पण मग उजवीकडचा कुणाचा?”

मी तोंड उघडलं. आतोबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“क्लीनरनं केला,” ते म्हणाले.

मास्तरांनी माझ्या दिशेने मान वळवली आणि हसले. “असं होय. आलाय का आज?”

बाहेर गाडी आली होती. सामान चढलं. मास्तर कागदाची बस मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. आतोबांनी दार लावलं, टपावर हाताने दोनदा वाजवलं, आणि गाडी निघाली. वळणापर्यंत आम्ही बघत राहिलो. परत येताना त्यांनी मला कुठेच हात दाखवायला लावला नाही.

दोन दिवसांनी मास्तरांचा फोन आला. फोन दोनदा वाजून बंद झाला आणि मग परत आला, त्यांची ती पद्धतच आहे. प्रवास बरा झाला. नाक उत्तम आहे. पण मडगार्डं? “चाकांवर नुसत्या पट्ट्या वाकवून लावल्यात, पायलट. आपली मडगार्डं कशी फुगीर होती. मी काय आंधळा आहे?”

झालं. आतोबांनी परत चमचा काढला. फुगीर मडगार्ड म्हणजे पुन्हा दोन्हीकडून गोल, पुन्हा कागदाची नाराजी, पुन्हा मी टकटकीवर फिरवायला. कट्ट्यावर आता नाकांपुढे मडगार्डांची ओळ लागली आहे.

त्यामुळे माउसपॅड अजून आमच्याच टेबलावर आहे. मधोमध त्याला चमच्याएवढा खळगा पडलाय, आणि चित्राच्या बाजूने पाहिलं तर पिल्लाचं पोट कायमचं आत गेलंय. तिकडे हेडक्लार्कबाई वर्तमानपत्राची घडी करून त्यावर माउस फिरवतात, आणि दर थोड्या वेळाने माउस अडला की शिपायाकडे रोखून बघतात. काल त्यांनी मला विचारलं, “तू बघितलास का रे कुठं?”

“शोधून देतो बाई,” मी म्हणालो.

शिपाई समोरच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “साहेब, चष्मा लावून शोधा.”